मानेने चालणारा माउस अडला, तर कुठून बघायला सुरुवात करायची?

माझ्या दादाच्या मानेच्या मणक्याला इजा झाली त्याला आता नऊ वर्षं होतील. खांद्याखालचं काही हलत नाही, मान हलते. कॉम्प्युटर तो मानेनेच चालवतो. स्क्रीनच्या वर साधा वेबकॅम, कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत सिस्टीम आणि त्यात ईव्हायाकॅम नावाचा मोफत प्रोग्राम. डोकं जिकडे वळेल तिकडे बाण सरकतो, आणि एका जागी थोडा वेळ थांबला की क्लिक होतो. अशी जुळणी मी आतापर्यंत चार घरांत करून दिली आहे, आणि चारही घरांतून मला फोन येतात. दादाचा फोन असला की पहिलं वाक्य ठरलेलं: "अरे, बाण परत कोपऱ्यात जाऊन बसलाय."

आपला माउस बंद पडला तर आपण दुसरा लावतो. दादाचा माउस बंद पडला की त्याचं वर्तमानपत्र, बँक, मित्रांशी बोलणं, तो करत असलेलं हिशेबाचं काम, सगळं त्याच मिनिटाला थांबतं आणि कुणीतरी खोलीत येईपर्यंत तो नुसता स्क्रीनकडे बघत राहतो. म्हणून या बिघाडाला "बघू रविवारी" म्हणून चालत नाही. आणि घाईने भलतंच काही करूनही चालत नाही.

भलतंच म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण सगळ्यात मोठं नुकसान त्यानेच होतं: फॉरमॅट. चारपैकी एका घरी कॉम्प्युटर दुकानात नेला होता. त्यांनी चांगल्या मनानेच सगळं पुसून सगळ्यात नवं उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून दिलं. आधी बाण फक्त थरथरत होता, नंतर तो हलेचना. शिवाय महिनाभर थोडं थोडं बदलून जुळवलेले वेगाचे आकडे गेले ते गेलेच. माझ्या अनुभवात दोष प्रोग्राममध्ये जवळजवळ कधीच नसतो. तो उजेडात असतो, कॅमेऱ्यात असतो, नाहीतर लिनक्सच्या एका सेटिंगमध्ये असतो. प्रोग्रामला हात सगळ्यात शेवटी लावायचा.

लक्षणं

यांतलं तुमच्याकडे कोणतं आहे ते आधी नक्की करा. जो माणूस वापरतो त्यालाच विचारा. तो दिवसभर त्या बाणाबरोबर असतो, त्याला बारकावे माहीत असतात.

• बाण आपोआप एका बाजूला सरकत जातो, किंवा कोपऱ्यात अडकतो.
• बाण थरथरतो, किंवा डोकं हललं की जरा उशिराने हलतो. संध्याकाळी जास्त.
• प्रोग्राम चालू आहे, त्यात चेहरा दिसतोय, पण बाण जागचा हलत नाही.
• काही खिडक्यांत क्लिक होतो, काहींत होत नाही.
• एकदा थांबलं की दोन-दोन क्लिक होतात.
• "कॅमेरा सापडला नाही" असं येतं, किंवा कॅमेऱ्याच्या चित्राचा चौकोन काळा दिसतो.
• कॉम्प्युटर सुरू केल्यावर प्रोग्राम आपणहून उघडत नाही.

कुठल्याही तपासणीआधी साधा माउस आणि कीबोर्ड जोडून हाताशी ठेवा. ते कायम जोडलेले राहिले तरी ईव्हायाकॅमचं काही बिघडत नाही.

१. काच पुसा, उजेड बघा

यात खर्च शून्य आणि वेळ दोन मिनिटं. दादाच्या घरी एकदा तीन दिवस बाण थरथरत होता. मी फोनवरून वहिनीला सगळी सेटिंग्ज उघडायला लावली, एकेक आकडा वाचून घेतला, काहीच हाती लागेना. शेवटी गावी गेलो. कॅमेरा हातात घेऊन खिडकीकडे धरला, तर काचेवर बोटाचा अख्खा ठसा, खोबरेल तेलाचा. वहिनी सकाळी दादाच्या डोक्याला तेल लावते आणि त्याच हाताने कॅमेरा सरळ करते. चष्म्याच्या फडक्याने पुसला आणि बाण स्थिर झाला. तेव्हापासून हीच पहिली तपासणी.

उजेडाचं का बघायचं? प्रोग्राम चेहऱ्यावरचा फिका-गडद फरक पकडून हालचाल मोजतो. पाठीमागे खिडकी असेल तर चेहरा काळा पडतो आणि पकडायला काही उरत नाही. उजेड समोरून किंवा बाजूने हवा. संध्याकाळी त्रास वाढतो त्याचं कारण वेगळं आहे. अंधार पडला की कॅमेरा प्रत्येक चित्र जास्त वेळ उघडा ठेवतो, त्यामुळे सेकंदाला ३० चित्रं येत होती ती १५ किंवा त्याहून कमी होतात. मग बाण मागून धावतोय असं वाटतं. स्क्रीनच्या मागच्या बाजूला, चेहऱ्यावर उजेड पडेल असा एक साधा एलईडी दिवा लावला की बहुतेक वेळा काम होतं. दिवा डोळ्यांत घुसणार नाही इतकं बघा, कारण या माणसाला हाताने डोळ्यांवर आड धरता येत नाही.

२. खुर्ची, चेहरा, आणि मागची भिंत

खोली झाडताना व्हीलचेअर वीतभर सरकली तरी फरक पडतो. चेहरा चित्राच्या मधोमध आणि पुरेसा मोठा दिसला पाहिजे. खुर्चीची चाकं कुठे टेकायची ते जमिनीवर चिकटपट्टीने आखून ठेवा.

प्रोग्राममध्ये चेहरा आपोआप शोधण्याची सोय आहे. ती सोय चांगली आहे, पण तिला भिंतीवरचा फोटोही चेहराच वाटू शकतो. एका घरी असा माउस वापरणाऱ्या सरांच्या मागे त्यांच्या वडिलांचा मोठा फोटो होता, अगदी डोक्याच्या उंचीवर. सर मान वळवायचे आणि चेहऱ्याभोवतीचा चौकोन मधूनच फोटोवर जाऊन बसायचा. फोटो शेजारच्या भिंतीवर घेतला, त्रास संपला. मागून ये-जा करणारी माणसं, टीव्ही, गणपतीत लावलेल्या उघडझाप करणाऱ्या माळा, यांनीही असंच होतं. मागे कोरी भिंत किंवा साधा पडदा सगळ्यात बरा.

बाण एका बाजूला सरकत राहतो, त्याला बिघाड म्हणण्याआधी एक युक्ती करून बघा. ईव्हायाकॅम डोकं कुठे आहे ते मोजत नाही, किती हललं ते मोजतो. त्यामुळे दिवसभरात थोडी थोडी चूक साठत जाते आणि डोकं सरळ असताना बाण मध्यावर राहत नाही. अशा वेळी बाण स्क्रीनच्या कडेला टेकवायचा आणि डोकं त्याच दिशेला आणखी थोडं वळवायचं. बाण कडेवर अडलेला राहतो, डोकं पुढे जातं. मग डोकं सरळ केलं की बाण मध्याकडे येतो. हे वापरणाऱ्याला एकदा नीट शिकवलं की तो ते न सांगता करू लागतो. दादाचे निम्मे फोन या एका युक्तीने थांबले.

३. कॅमेरा दुसऱ्याच कुणी धरलाय का?

चौकोन काळा असेल तर हे आधी बघा. लिनक्सवर एका वेळी एकच प्रोग्राम कॅमेऱ्याचं चित्र घेऊ शकतो. ब्राउझरमध्ये कुणाशी व्हिडिओ कॉल झाला आणि तो टॅब तसाच उघडा राहिला, तर कॅमेरा अजून त्याच्याच ताब्यात असतो. बँकेची व्हिडिओ केवायसी करताना तर गंमत नाही, खरी अडचण होते: कॉल चालू करावा तर माउस जातो, माउस ठेवावा तर कॉल होत नाही. यावर सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ उपाय म्हणजे दोन कॅमेरे, एक मानेसाठी आणि एक कॉलसाठी. लॅपटॉप असेल तर त्याचा स्वतःचा कॅमेरा कॉलला आणि वर लावलेला वेबकॅम ईव्हायाकॅमला द्या.

दोन कॅमेरे आले की मात्र दुसरी गडबड सुरू होते. कॉम्प्युटर परत सुरू केल्यावर त्यांचे क्रमांक कधी कधी अदलाबदल होतात आणि ईव्हायाकॅम भलत्याच कॅमेऱ्यात बघत बसतो. सेटिंगमध्ये जाऊन कॅमेरा परत निवडा. यादीत एकच कॅमेरा दोनदा दिसला तर गोंधळू नका. लिनक्स बऱ्याच वेबकॅमसाठी दोन नोंदी करतं, दुसऱ्या नोंदीत चित्र नसतं, फक्त चित्राबद्दलची माहिती असते. चित्र देणारी निवडायची.

४. वायर आणि पोर्ट

कॅमेरा हबमधून (एका यूएसबी पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीतून) काढून सरळ कॉम्प्युटरला लावा. डेस्कटॉप असेल तर पुढच्या पोर्टऐवजी मागच्या पोर्टला. पुढचे पोर्ट आतून एका लहान वायरने जोडलेले असतात आणि तिथे कनेक्शन सैल व्हायला वेळ लागत नाही. ॲडॅप्टर नसलेल्या हबवर कॅमेरा, कीबोर्ड, पेन-ड्राइव्ह सगळं लावलं की कॅमेऱ्याला वीज कमी पडते. पलंगापर्यंत पोचावं म्हणून लांब एक्स्टेंशन वायर लावली असेल तर लक्षात ठेवा, यूएसबी २ च्या वायरची मर्यादा ५ मीटर आहे.

कॅमेरा दुसऱ्या कॉम्प्युटरला लावूनही चालत नसेल तर तो गेला. उघडू नका, नवा घ्या.

५. दोन-दोन क्लिक, आणि वेगाचे आकडे

दोनदा क्लिक होण्याचं कारण मला प्रत्येक वेळी एकच सापडलं. थांबल्यावर क्लिक करण्याची सोय ईव्हायाकॅममध्ये आहे, आणि तशीच सोय उबंटूच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्येही आहे, 'हॉव्हर क्लिक' नावाने. दोन्ही चालू असल्या की दोघीही आपापला क्लिक करतात. एक बंद करा. मी ईव्हायाकॅमची ठेवतो, कारण तिच्या पट्टीवरून डबल क्लिक, उजवा क्लिक आणि ओढणं निवडता येतं.

वेगाचे आकडे बदलताना एका वेळी एकच बदला आणि बदलण्याआधी जुन्या आकड्यांचा मोबाइलवर फोटो काढा. आडवा वेग आणि उभा वेग वेगवेगळा ठेवता येतो आणि ठेवायला हवा. बहुतेकांची मान डावी-उजवीकडे सहज वळते, वर-खाली कमी, म्हणून उभा वेग जास्त लागतो. थरथर असेल तर 'स्मूदनेस' वाढवा, पण फार वाढवला की बाण जड होतो. थांबण्याचा वेळ दादाला दीड सेकंद बरा वाटतो. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने तो एका सेकंदाच्या खाली आणलाय आणि ती माझ्यापेक्षा वेगाने काम करते.

६. कॅमेऱ्याच्या आतली दोन बटणं

काच पुसली, दिवा लावला, तरी चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसतात किंवा उशीर जात नाही, तेव्हा ही पायरी. 'गुव्हव्यू' नावाचा छोटा प्रोग्राम सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्या. त्यात 'पॉवर लाइन फ्रिक्वेन्सी' ५० हर्ट्झ करा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. कॅमेरा ६० वर लावलेला असेल तर त्याची आणि दिव्याची ताल जुळत नाही, आणि तेच पट्टे प्रोग्रामला हालचाल वाटतात. तिथेच 'डायनॅमिक फ्रेमरेट' असा पर्याय दिसला तर तो बंद करा. मग अंधारात चित्र थोडं काळपट येईल, पण सेकंदाला येणारी चित्रं कमी होणार नाहीत. कॅमेरा काढून परत लावला की ही सेटिंग्ज बहुधा पुसली जातात, त्यामुळे "परवा तर बरं केलं होतं" असं वाटलं तर इथे परत या.

७. वेलँड की एक्स-११?

चेहरा दिसतोय, चौकोन डोक्याबरोबर हलतोय, पण बाण हलत नाही. किंवा बाण काही खिडक्यांतच ऐकतो. हे लक्षण नेमकं लिनक्सची आवृत्ती बदलल्यावर दिसायला लागलं असेल, तर वरचं सगळं सोडून इथे या. दुकानातून परत आलेल्या त्या कॉम्प्युटरचं हेच झालं होतं.

लिनक्सवर खिडक्या आणि बाण सांभाळणारी जुनी व्यवस्था म्हणजे एक्स-११. ती १९८७ पासूनची. तिच्यात कुठलाही प्रोग्राम "माउस इथे न्या, इथे क्लिक करा" असं सांगू शकतो, आणि ईव्हायाकॅम त्याच सवलतीवर उभा आहे. पण त्याच सवलतीमुळे एखादा वाईट प्रोग्राम तुम्ही टाइप केलेला पासवर्डही वाचू शकत होता. म्हणून वेलँड ही नवी व्यवस्था आली आणि तिने ते दार बंद केलं: एका प्रोग्रामने दुसऱ्याच्या खिडकीत हात घालायचा नाही. सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण ज्याचा हातच एक प्रोग्राम आहे, त्याचा हात त्या दाराबाहेर राहिला. याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. इतकी वर्षं चालत आलेली सोय बंद करताना तिच्या जागी तितकीच सोपी दुसरी सोय आधी तयार असायला हवी होती.

उबंटूने २०२१ च्या एप्रिलपासून बहुतेक कॉम्प्युटरवर वेलँड आपोआप लावायला सुरुवात केली. तुमच्याकडे काय आहे ते बघायला सेटिंग्जमध्ये 'अबाउट' उघडा आणि 'विंडोइंग सिस्टीम' समोर काय लिहिलंय ते वाचा. वेलँड असेल तर लॉग आउट करा. लॉग इनच्या पडद्यावर नावावर क्लिक केल्यावर खाली उजव्या कोपऱ्यात दातेरी चाकाचं चिन्ह येतं. त्यातून 'उबंटू ऑन झॉर्ग' निवडा आणि आत जा. झॉर्ग म्हणजे एक्स-११ च. ही निवड पुढच्या वेळेसाठी लक्षात राहते.

चाकात झॉर्ग दिसलंच नाही तर? ऑक्टोबर २०२५ च्या उबंटू २५.१० पासून तो पर्याय काढलेला आहे. अशा वेळी मी दोन रस्ते सुचवतो. एक, उबंटू २४.०४ वर राहा. त्याला २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळणार आहेत. दोन, लिनक्स मिंट या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराची सिनॅमन आवृत्ती घ्या. ती आपणहून एक्स-११ वरच चालते. दादाच्या कॉम्प्युटरवर मी मिंट ठेवलंय आणि या कारणाने त्याचा फोन नंतर आलेला नाही. पण काहीही पुसण्याआधी नवी आवृत्ती पेन-ड्राइव्हवरून 'लाइव्ह', म्हणजे कॉम्प्युटरवर न बसवता, चालवा, त्यातच ईव्हायाकॅम मिळतो का ते बघा, तो टाका, आणि ज्याला वापरायचं आहे त्याला समोर बसवून अर्धा तास वापरू द्या. हार्ड डिस्कला हातही लागत नाही आणि खरं काय ते कळतं.

आणि आवृत्ती बदलण्याची सूचना बंद करून ठेवा. रोजचे सुरक्षेचे अपडेट घ्यावेत, आवृत्तीची उडी नाही. मिंटमध्ये 'टाइमशिफ्ट' आहे, त्यात चालू स्थितीची नोंद करून ठेवा, म्हणजे अपडेटने काही मोडलं तर मागे जाता येतं.

८. सुरू होताना

'स्टार्टअप ॲप्लिकेशन्स'मध्ये ईव्हायाकॅम आहे का बघा. आहे, तरी उघडत नसेल तर तो कॅमेऱ्याच्या आधी उठतोय. मिंटमध्ये तिथेच उशिराचे सेकंद घालता येतात, मी १५ घालतो.

पासवर्डचा विचार वापरणाऱ्याबरोबर बसून करा. लॉग इनच्या पडद्यावर ईव्हायाकॅम अजून सुरू झालेला नसतो, म्हणून पासवर्ड विचारणारा पडदा म्हणजे त्याच्यासाठी बाहेरून कडी लावलेली खोली. मी आपोआप लॉग इन चालू करतो आणि थोड्या वेळाने आपोआप लागणारं स्क्रीन लॉक बंद करतो. पण त्याच कॉम्प्युटरवर बँकेचं काम होतं आणि घरात येणारे-जाणारेही असतात. हा निर्णय आपण परस्पर घ्यायचा नाही.

कुठे थांबायचं

वेलँडवरच राहायचं असेल तर लिनक्सच्या गाभ्यातून खोटा माउस तयार करण्याचा रस्ता आहे, त्याला 'यू-इनपुट' म्हणतात. त्यासाठी परवानग्या बदलाव्या लागतात. लिनक्स नीट जाणणारा माणूस शेजारी नसेल तर हे करू नका, आणि इंटरनेटवरून उचललेली आज्ञा ॲडमिनच्या पासवर्डने चालवू नका. एकही यूएसबी पोर्ट चालत नसेल, कॉम्प्युटर मधूनच बंद होत असेल, तर ते दुरुस्तीवाल्याचं काम. त्याला कॉम्प्युटर देताना कागदावर लिहून द्या: "फॉरमॅट करायचं नाही, लिनक्स बदलायचं नाही."

काही वेळा कॉम्प्युटर ठीक असतो आणि मान बदललेली असते. पूर्वी पोचायचा तो कोपरा आता पोचत नाही, तासाभरात मान दुखते. वेग वाढवून ते झाकू नका. ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाला, दाखवा. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, मोठ्या जिल्हा रुग्णालयांतही विचारता येतं.

आणि एक गोष्ट जिच्यापुढे माउस काहीच नाही. मणक्याची इजा छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर असेल, आणि सेटिंग करत बसलेले असताना अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, घाम फुटला, तर ते थकणं समजू नका. रक्तदाब एकदम वाढल्याचं ते लक्षण असू शकतं. माणसाला सरळ बसवा, पट्टे आणि कपडे सैल करा, लघवीची नळी कुठे मुडपली आहे का ते बघा आणि लगेच डॉक्टरांना बोलवा किंवा १०८ ला फोन करा.

माउस परत नीट चालायला लागला की त्याच दिवशी एक काम करा. कॅमेऱ्याची उंची, खुर्चीचं अंतर, दोन्ही वेग, स्मूदनेस, थांबण्याचा वेळ, सगळं एका कागदावर लिहा. दादाच्या स्क्रीनच्या पाठीला तसा कागद चिकटवलेला आहे, वहिनीच्या अक्षरात, आणि आता बरेचदा मला फोन न करता तीच सगळं जागेवर आणते.